एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: घरी चालणारे शॉर्टकट ऑफिसात का चालले नाहीत

नमस्कार मॅडम, रिव्ह्यू वाचला. हे उत्तर बाकीचे लोकही वाचतील म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो, काही राहिलं तर खाली लिहा. तुम्ही म्हणता की वर्ड प्रोसेसिंगच्या आमच्या ऑनलाइन कोर्समध्ये शॉर्टकट आणि मेनू कस्टमाइझ करण्यात नको इतका वेळ गेला, त्याऐवजी शंभर शॉर्टकटची एक पीडीएफ दिली असती तर काम झालं असतं. घरी बसून लावलेले शॉर्टकट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकही चालला नाही. कंट्रोल+ई बिघडलं ते बिघडलंच. आणि गूगल डॉक्समध्ये तर यातलं काहीच होत नाही. म्हणून एक स्टार.

स्टार राहू द्या, तो तुमचा हक्क आहे. पण बाकी मुद्द्यांवर बोलायला हवं, कारण यातले दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येकालाच येतात.

कंट्रोल+ई पासून सुरू करतो, कारण तुमचं काम आत्ता तिथे अडलंय. तुम्ही फॉरमॅटिंग न आणता नुसता मजकूर पेस्ट करायची कमांड, म्हणजे पेस्ट-टेक्स्ट-ओन्ली, कंट्रोल+ई वर लावली. डाव्या हाताला सोपं पडतं, कबूल. पण वर्डमध्ये कंट्रोल+ई म्हणजे परिच्छेद मधोमध करणं, त्यामुळे आता शीर्षक सेंटर करायला जाता आणि क्लिपबोर्डवर जे काही पडलेलं असेल ते मजकुरात येऊन बसतं. आता एकदा तीच खिडकी परत उघडून बघा, फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, आणि खाली कीबोर्ड शॉर्टकट्स समोरचं कस्टमाइझ बटण. नवीन की दाबायचा जो चौकोन आहे त्यात कंट्रोल+ई दाबलं की लगेच त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ येते, करंटली असाइन्ड टू, आणि पुढे त्या की वर आत्ता कोण बसलंय त्याचं नाव. तुम्ही पहिल्यांदा लावलं तेव्हा तिथे सेंटरपॅरा, म्हणजे परिच्छेद मधोमध करायच्या कमांडचं नाव, दिसत होतं. वर्ड एवढंच सांगतं, "नक्की बदलू का" वगैरे विचारत नाही, असाइन दाबलं की जुनं काढून नवीन बसवतं. ती ओळ वाचल्याशिवाय असाइन दाबायचं नाही हे व्हिडिओत दोन वेळा सांगितलंय, आणि ते उगाच नाही सांगितलं.

दुरुस्ती अशी. डावीकडच्या यादीत ऑल कमांड्स निवडा, उजवीकडे सेंटरपॅरा शोधा, चौकोनात कंट्रोल+ई दाबा, असाइन. झालं. पेस्टला दुसरी की द्या. रीसेट ऑल मात्र दाबू नका बरं का, त्याने तुम्ही त्या टेम्प्लेटमध्ये (वर्ड आपल्या सेटिंग्ज ज्यात ठेवतं ती फाइल) लावलेल्या बाकी सगळ्या कीज पण जातील. आणि खरं म्हणजे तुमचं वर्ड नवीन असेल तर या कामाला काही लावायचीच गरज नाही, अलीकडच्या व्हर्जनमध्ये कंट्रोल+शिफ्ट+व्ही हेच नुसता मजकूर पेस्ट करतं. जुन्या वर्डमध्ये तीच की फॉरमॅटिंग पेस्ट करायची, म्हणून जुन्या लोकांचा अजून गोंधळ होतो.

आता ऑफिसच्या कॉम्प्युटरचं. शॉर्टकट हे तुमच्या डॉक्युमेंटमध्ये जात नाहीत, तुमच्या लॉगिनमध्येही आपोआप जात नाहीत. त्याच खिडकीत खाली सेव्ह चेंजेस इन असं लिहिलेलं असतं, त्याकडे कोणीच बघत नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. तिथे आधीपासून नॉर्मल नावाचं टेम्प्लेट निवडलेलं असतं आणि ती फाइल त्या एका कॉम्प्युटरवर, त्या एका युजरच्या फोल्डरमध्ये असते. घरचं नॉर्मल घरी राहिलं, ऑफिसचं नॉर्मल वेगळं, मग शॉर्टकट कसे येणार. शिवाय हे बदल फाइलमध्ये लिहिले जातात ते साधारण वर्ड बंद करताना, म्हणजे कीज लावल्या आणि तेवढ्यात वर्ड हँग होऊन पडलं तर तेही गेलं. लावून झालं की एकदा वर्ड नीट बंद करून उघडा.

घरची नॉर्मल फाइल उचलून ऑफिसच्या नॉर्मलवर टाकायची हा उपाय बरेच जण सांगतात, मी सांगत नाही. ऑफिसच्या नॉर्मलमध्ये तिथल्या सेटिंग्ज, स्टाइल्स, कोणाचे तरी मॅक्रो (एका झटक्यात चालणारे कामांचे छोटे प्रोग्राम) असतात, ते सगळे पुसले जातील आणि मग शिव्या तुम्हालाच बसतील. त्यापेक्षा वेगळं एक टेम्प्लेट बनवा, मॅक्रो चालणाऱ्या प्रकारातलं, त्याला सेव्ह चेंजेस इन मध्ये निवडून सगळ्या कीज त्यात लावा आणि ती फाइल ऑफिसच्या वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा. वर्ड उघडताना ते आपोआप लोड होतं आणि नॉर्मलला हातही लागत नाही. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी तो फोल्डर बंद केला असेल तर त्यांना विचारा, गुपचूप काही करू नका.

तुम्ही लिहिलंय की रिबनची, म्हणजे वरच्या बटणांच्या रुंद पट्ट्याची, सेटिंग एक्सपोर्ट करून नेली तरी शॉर्टकट आले नाहीत. बरोबर आहे, येणारच नाहीत! त्या एक्सपोर्टच्या फाइलमध्ये फक्त रिबन आणि क्विक अ‍ॅक्सेस पट्टी (नेहमीच्या कमांडच्या छोट्या बटणांची ओळ) जाते, कीबोर्ड जात नाही. (आणि ती इम्पोर्ट करताना पलीकडची आधीची रिबन सेटिंग जाते, तेव्हा जपून.) यात माझं मत विचाराल तर हे वर्डवाल्यांनी उगाच किचकट करून ठेवलंय. लिबर ऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड मध्ये गेलात की सरळ सेव्ह आणि लोड अशी बटणं आहेत, एका मशीनवर सेव्ह केलं, फाइल नेली, दुसरीकडे लोड केलं. मेनूचं पण तसंच, तिथे मेनूमधली कमांड काढा, वर करा, खाली करा, नवीन घाला, काही अडत नाही. वर्डमध्ये 2007 ला मेनू जाऊन रिबन आली तेव्हा ही मोकळीक गेली, 2010 मध्ये थोडी परत मिळाली, पण आजही मूळच्या गटात आपली कमांड घुसवता येत नाही, स्वतःचा वेगळा गट करावाच लागतो.

ज्यांना हे टेम्प्लेट वगैरे नकोच त्यांच्यासाठी क्विक अ‍ॅक्सेस पट्टी आहे. रोजच्या कमांड तिथे ओळीने लावा, पहिलीला आल्ट+1, दुसरीला आल्ट+2, अशा कीज आपोआप मिळतात. कोणाचीही मूळ की हलत नाही. तुमच्यासारखं ज्यांना दोन-तीन मशीनवर काम करावं लागतं त्यांना मी आधी हेच सांगतो.

गूगल डॉक्सबद्दल वाद नाही, तिथे तयार शॉर्टकट बदलायची सोयच नाही आणि कोर्सच्या पानावर तसं लिहिलेलं आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वर्डमध्येही कीज बदलता येत नाहीत. डॉक्समध्ये आल्ट+स्लॅश दाबून कमांडचं नाव टाइप केलं की ती सापडते, आणि टूल्सच्या प्रेफरन्सेसमध्ये सब्स्टिट्यूशन आहे, दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण वाक्य येतं. एवढ्यावर भागवावं लागतं.

राहिली शंभर शॉर्टकटची पीडीएफ. ती आम्ही मुद्दाम देत नाही. अशी यादी लोक प्रिंट काढून भिंतीला चिकटवतात आणि हात माउसवरचा हलत नाही. शिवाय वर्ड स्वतःच ती यादी काढून देतं, आल्ट+एफ8 दाबा, नावाच्या जागी लिस्टकमांड्स असं इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करा, रन करा आणि चालू कीबोर्ड सेटिंगचा पर्याय निवडा. नव्या डॉक्युमेंटमध्ये टेबल तयार होतं, त्यात तुम्ही स्वतः बदललेल्या कीजही येतात, माझ्या पीडीएफमध्ये त्या कुठून येणार?

आणि ज्या कमांडला मुळात कीच नाही तिचं काय? दिवसभर पत्रं टाइप करणाऱ्याला एकच ठरलेली स्टाइल, म्हणजे नाव देऊन ठेवलेलं फॉरमॅटिंग, पुन्हा पुन्हा लागते, तिला स्टाइलच्या मॉडिफायमध्ये फॉरमॅट, शॉर्टकट की मधून की देता येते. कोणाला कंट्रोल+एफ दाबल्यावर बाजूला उघडणारी पट्टी नको असते, जुनी छोटी फाइंडची खिडकी हवी असते, त्यांनी कंट्रोल+एफ वर एडिटफाइंड लावायचं. मोकळी की सापडत नसेल तर दोन टप्प्यांची लावा, आधी कंट्रोल+शिफ्टबरोबर एखादं अक्षर आणि मग नुसतं एक अक्षर, वर्ड ते घेतं. फक्त देवनागरी टाइप करत असाल तर कंट्रोल+आल्टच्या जोड्या जपून, बऱ्याच लेआउटमध्ये उजवा आल्ट म्हणजेच कंट्रोल+आल्ट धरला जातो, मग अक्षर उमटायच्या जागी कमांड चालते आणि माणूस चक्रावतो.

कोर्सचा अ‍ॅक्सेस तुमचा चालूच आहे. टेम्प्लेटचा भाग शेवटून दुसऱ्या व्हिडिओत आहे, तुमच्या खात्यात तो अजून उघडलेला दिसत नाही, तेवढा बघा. आधी सेंटरपॅरा लावून घ्या, आणि ऑफिसमध्ये स्टार्टअप फोल्डर बंद निघाला तर इथेच लिहा, क्विक अ‍ॅक्सेस पट्टीवर कुठल्या कमांड ठेवायच्या ते तुमच्या कामाप्रमाणे सांगतो.