सुटे भाग प्रमाणित आहेत, मग जोडणी कशाला तपासायची? – प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इलेक्ट्रोलायझरच्या (विजेने पाण्यापासून हायड्रोजन बनवणाऱ्या यंत्राच्या) स्किडला, म्हणजे एका चौकटीवर जोडलेल्या पूर्ण संचाला, त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र घ्यावं, या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर (दाब, तापमान मोजून सिग्नल पाठवणारं उपकरण), जंक्शन बॉक्स (वायरी जोडायची पेटी) आधीच प्रमाणित असतात. दीडपट दाबाची हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाब चाचणी) झालेली असते. आणि एवढं करूनही स्फोट व्हायचे ते होतातच. मग पुन्हा पैसे आणि महिने का घालवायचे, असं तुम्ही विचारता. पहिले दोन मुद्दे मला अजिबात पटत नाहीत. तिसऱ्यात तथ्य आहे.

ट्रान्समीटरच्या प्रमाणपत्राचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. शेवटी ‘एक्स’ असेल तर ते उपकरण ठरावीक अटी पाळल्या तरच सुरक्षित, आणि त्या अटी आतल्या पानावर असतात. ‘यू’ असेल तर तो नुसता घटक आहे, स्वतंत्र उपकरण म्हणून बसवायचा नाही. खरेदी खात्याच्या फाइलीत बहुतेक वेळा पहिलंच पान असतं. शिवाय बॅरिअर (ठिणगीने वायू पेटणार नाही इतकीच वीज पुढे सोडणारं उपकरण) प्रमाणित, ट्रान्समीटर प्रमाणित, म्हणून मधली केबल धरून पूर्ण लूप सुरक्षित ठरत नाही. बॅरिअरचा कमाल व्होल्टेज आणि करंट ट्रान्समीटरला चालणाऱ्या मर्यादेत हवा. ट्रान्समीटर आणि केबल यांची मिळून कपॅसिटन्स बॅरिअरच्या मर्यादेत बसायला हवी. पेटणाऱ्या वायूंचे धोक्यानुसार गट असतात; हायड्रोजनच्या आयआयसी गटात ही मर्यादा कमी धोक्याच्या आयआयबीपेक्षा बरीच कमी असते. आयआयबीचा आकडा धरून टाकलेली लांब केबल इथेच नापास होते.

फ्लेमप्रूफ बॉक्सचंही तसंच. आत स्फोट झाला तर ज्वाला सांध्यातल्या फटीतून जाता जाता विझावी, हे त्याचं काम. मिथेनची ज्वाला प्रमाणित चाचणीत १.१४ मिमी फटीपर्यंत अडते, हायड्रोजनची जेमतेम ०.२९ मिमीपर्यंत. म्हणून आयआयबीचा बॉक्स इथे चालत नाही (‘आयआयबी + एच२’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर चालतो). आयआयसीचा बॉक्स घेऊनही साइटवर कुणी एक जादा भोक पाडलं, सांध्यावर रंग मारला किंवा ग्लँडचे (केबल बॉक्समध्ये घेणाऱ्या जोडाचे) पाच पूर्ण आटे बसले नाहीत, तर त्या प्रमाणपत्राचा आधार उरत नाही. तपासनीस बॉक्स उघडून आटे मोजतो. ते कागदावर दिसत नाहीत.

हायड्रो टेस्ट ताकद सांगते, गळती नाही. पाण्याच्या पृष्ठताणामुळे बारीक छिद्रं बंद राहतात. त्याच छिद्रातून हायड्रोजन आरामात निघतो. म्हणून पाइपिंग पूर्ण सुकवून हेलियमने किंवा नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन मिसळून वेगळी गळती चाचणी लागते. धातूचं काय, हेही दाब चाचणीत कळत नाही. ३१६एल स्टीलमध्ये निकेल १० ते १४ टक्के चालतं. जास्त दाबाच्या हायड्रोजनला जाणकार किमान १२ मागतात. मिल सर्टिफिकेटवर (पोलाद कारखान्याच्या दाखल्यावर) १०.१ दिसलं तर माल ३१६एलच आहे, पण हायड्रोजनने ठिसूळ होण्याचा धोका जास्त. व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगचा धातू तर कुणी विचारतच नाही.

आता तिसरा मुद्दा. १० जून २०१९ला नॉर्वेतल्या सँडव्हिका इथल्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे आतले बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. म्हणजे चूक जुळणीची. असं बिघडणं निव्वळ डिझाइन तपासून सापडणार नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. म्हणूनच नमुना चाचणीवर न थांबता कारखाना तपासणीसह प्रमाणपत्र घ्या, आणि प्रत्येक बोल्टच्या टॉर्कची नोंद करणारा एक व पडताळणारा दुसरा ठेवा.

पण त्याच वर्षी २३ मेला दक्षिण कोरियात गांगनुंगला हायड्रोजनची टाकी फुटून दोघांचा जीव गेला, कारण टाकीत ऑक्सिजन शिरला होता. हे मात्र यंत्रणा म्हणून बघितल्यावरच सापडतं. लोड उतरला की हायड्रोजन कमी बनतो, पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून झिरपणारा वायू तेवढा कमी होत नाही. अशुद्धीचं प्रमाण वाढतं. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या प्लांटमध्ये हे रोजचंच. संस्था विचारते: किमान लोड किती, ॲनालायझर (वायूतली अशुद्धी मोजणारं यंत्र) कुठे, ट्रिप (प्लांट आपोआप बंद पडणं) कितीवर? ऑक्सिजनच्या बाजूला हायड्रोजन २ टक्के, म्हणजे पेट घेण्याच्या ४ टक्क्यांच्या निम्म्यावर, ही ट्रिप बऱ्याच ठिकाणी असते. ती कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दाखवून भागत नाही; कॅलिब्रेशन गॅस (ठाऊक प्रमाणाचा वायू) सोडून रेक्टिफायर (इलेक्ट्रोलायझरला वीज देणारं यंत्र) खरोखर बंद पडतो का, ते बघतात. खोलीतले डिटेक्टरही छताजवळ हवेत आणि हायड्रोजननेच कॅलिब्रेट केलेले हवेत. मिथेनवर लावलेला डिटेक्टर चुकीचा आकडा देतो.

महिने वाचवायचे तर पीअँडआयडी (पाइप आणि उपकरणांचा आराखडा) पक्की व्हायच्या आधीच संस्थेकडे जा. कोणत्या मानकावर (इथे आयएसओ २२७३४) आणि स्किडच्या कोणत्या फ्लँजपासून कुठल्या फ्लँजपर्यंत, हे लेखी ठरवा. हॅझॉप (काय बिघडू शकतं याचा अभ्यास), झोन ड्रॉइंग (स्फोटाच्या धोक्याच्या जागांचा नकाशा), कॉज-इफेक्ट तक्ता (कोणत्या बिघाडावर काय बंद पडेल) आणि भागांची यादी एकाच रिव्हिजनची द्या. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. भारतात सिलिंडर आणि दाबपात्रांना पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मंजुरी वेगळी लागते, तो अर्ज समांतर चालवा. आणि प्रमाणपत्रानंतर ‘तसाच’ दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह बसवायचा असेल, तर खरेदीची ऑर्डर काढण्याआधी संस्थेला कळवा.