अंडं फोडून बघणारा ॲरिस्टॉटल

'बायकांना दात कमी असतात म्हणणारा तोच ना? बायकोला आ करायला सांगून मोजले असते तर!' ॲरिस्टॉटलचं नाव निघालं की हा विनोद होतोच. मीही कैकदा मारलाय. तसं लिहिलंय त्याने, ते काही नाकारता येत नाही.

पण त्याचं कोंबडीच्या अंड्यावरचं लिखाण वाचलं आणि माझं हसू आटलं. तीन दिवस, तीन रात्री उलटल्या की पांढऱ्या बलकात रक्ताचा ठिपका दिसतो, तेच हृदय, आणि ते जिवंत असल्यासारखं उडत असतं. दहाव्या दिवशी डोकं धडापेक्षा मोठं आणि डोळे डोक्यापेक्षा मोठे! हे अंडी फोडून बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. एका जातीच्या मुशीची (लहान शार्क माशाची) पिल्लं आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, हेही त्याने नोंदवलं. त्याची खात्री जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलरने करून दिली, तीही थेट १८४२ मध्ये.

युरोपने मात्र त्याची बघण्याची खोड कमी उचलली, वाक्यंच जास्त. 'पॉलिटिक्स' या आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल म्हणतो की काही माणसं जन्मजातच गुलाम असतात. जवळजवळ १९०० वर्षांनी, १५५० साली, स्पेनमधल्या व्हायादोलिदला वाद झाला: अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का? सेपुल्वेदा म्हणाला, आहे, आणि आधाराला ॲरिस्टॉटल. गडी विद्वान, 'पॉलिटिक्स'चं लॅटिन भाषांतर त्यानेच केलेलं. अमेरिकेत मात्र आयुष्यात एकदाही पाऊल टाकलेलं नाही. समोर लास कासास, हयातीतली कित्येक वर्षं त्या लोकांत काढलेला पाद्री. (तोही काही संत नव्हे. आफ्रिकेतून गुलाम आणा, असं त्यानेच आधी सुचवलं होतं. पुढे पस्तावला.) सेपुल्वेदाच्या हातात ॲरिस्टॉटलचा ग्रंथ होता, पण अंडं फोडून बघितलेला माणूस लास कासास, असं मला वाटतं.

म्हणून सगळा दोष सेपुल्वेदावर ढकलून ॲरिस्टॉटलला सोडून द्यायला मी तयार नाही. मुशीच्या पोटात डोकावणाऱ्याला घरात पाणी आणून देणारा माणूस दिसला नाही? की दिसला होता? तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्टियसने ॲरिस्टॉटलचं मृत्युपत्र दिलंय. त्यात काही गुलामांना मोकळं करा, असं आहे. माझ्या सेवेतल्या पोरांना विकू नका, असंही आहे. वयात आली की त्यांनाही सोडा म्हणतो.

लायक ठरली तर.