पैसे कशाचे मागता?

संगीताच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विषय निघाला, की ‘जीपीएल परवाना आहे, मग पैसे कशाचे मागता?’ असे कोणीतरी विचारतेच (जीपीएल म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मोकळीक देणारा परवाना), आणि आता या प्रश्नाचा अक्षरशः वीट आला आहे. ध्वनिमुद्रणासाठीच्या ‘आर्डर’ (Ardour) या जीपीएल सॉफ्टवेअरचा संपूर्ण स्रोत, म्हणजे मूळ संगणकीय संहिता, खुला आहे; तो उतरवून स्वतः संकलित करणाऱ्याकडून, म्हणजे त्यापासून चालणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून, कोणी छदामही घेत नाही, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या सॉफ्टवेअर-भांडारातही आर्डर फुकट मिळतो, आणि शुल्क आहे ते संकेतस्थळावरील तयार, पूर्ण क्षमतेच्या आवृत्तीचे, ज्याला जीपीएलची स्पष्ट मुभा आहे. तरी ओरड चालूच!

उलट, वाद्यांचे मुद्रित ध्वनी वाजवणाऱ्या लिनक्ससॅम्पलर या सॉफ्टवेअरने जीपीएलचे नाव लावूनही व्यावसायिक सॉफ्टवेअर वा उपकरणात पूर्वपरवानगीविना वापर करण्यास मनाई केली, त्याबद्दल हीच मंडळी अवाक्षर काढत नाहीत. ज्या परवान्याचे सहावे कलम घेणाऱ्याच्या हक्कांवर जादा निर्बंध लादू नयेत असे बजावते, त्यालाच असे ठिगळ लावणे मला अधिक खटकते. आपली मेहनत एखादी कंपनी फुकटात कीबोर्ड वाद्यामध्ये घालून विकेल, ही विकासकांची भीती मी समजू शकतो (ती अनाठायीही नाही). पण मग त्यांनी सरळ वेगळ्या नावाचा परवाना लिहावा.