भर पावसातही शंभरच?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या सपाट भागात मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. कोरडा रस्ता आणि मोकळी लेन असेल तर ठीकच. पण जुलैत कामशेतच्या पुढे ऐंशी मीटरपलीकडचं दिसेनासं होतं, तेव्हाही पाटीवर 100 च! हिशोब करून बघा. 100 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 42 मीटर तिथेच गेले, आणि ओल्या डांबरावर थांबायला आणखी शंभरेक लागतात. म्हणजे एकूण 140. तेच 60 ला साठ मीटरमध्ये भागतं.

म्हणून मला बदलती वेगमर्यादा हवी आहे, म्हणजे पाऊस आणि गर्दी बघून फलकावरचा आकडा बदलायचा. इंग्लंडमध्ये लंडनभोवतीच्या एम-25 महामार्गावर 1995 पासून ती वापरात आहे.

कोंडीतही तिचा उपयोग होतो. शनिवारी सकाळी मुंबईहून येणारी गर्दी खालापूर ओलांडून घाटाच्या तोंडाशी तुंबते. पुढचा थोडा ब्रेक मारतो, मागचा जरा जास्त, आणि ब्रेकची ही लाट ताशी 15-20 किलोमीटरने उलटी मागे सरकत जाते. रांगेच्या शेपटीला शंभरने येणारा आदळतो तो याच लाटेवर. त्याला तीन-चार किलोमीटर आधीच 80, मग 60 दाखवलं तर तो हळू पोचतो, लेन बदलायची घाईही कमी होते. मात्र हे कोंडी व्हायच्या आधी करायला हवं. एकदा गाड्या थांबल्या की रस्ता आधी वाहून नेत होता तेवढी वाहनंसुद्धा नेत नाही, मग पाटीवर काहीही लिहा.

घोळ होतो तो राबवण्यात. सेन्सर आणि फलक साधारण अर्ध्या किलोमीटरवर हवेत. पाच किलोमीटरवर एकच फलक लावला तर मधल्या पट्ट्यात जो तो आपल्या मर्जीचा मालक. 100 वरून एकदम 40 दाखवलं तर जो आकडा बघतो तो ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यात घुसतो. उतरायचं ते वीस-वीसने. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस थांबून तास झाला, रस्ता मोकळा आहे, तरी फलकावर 60 तसंच. दोन वेळा असं झालं की तिसऱ्यांदा कोण ऐकतोय?

चलानाचंही तसंच. त्या क्षणी फलकावर कोणता आकडा होता त्याची नोंद कॅमेऱ्याच्या फोटोशी जोडलेली हवी, आणि आकडा उतरल्यावर किमान मिनिटभर सूट. कायद्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार महिनाभरापेक्षा जास्त नसलेल्या निर्बंधाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही.

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर मात्र या फलकांकडून फार आशा ठेवू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले, की ड्रायव्हरला आकडा दिसला काय आणि न दिसला काय. तिथे नवीन कात्रज बोगद्याच्या आधीच अवजड गाड्या थांबवून ब्रेक तपासायला हवेत आणि खालचा गिअर टाकायला लावायला हवा. फलकाचं काम एवढंच की पुलाजवळ रांग लागली तर वरून येणाऱ्या मोटारींना ते आधी कळावं.