मालकाचं उत्तर: ‘अडाणी घोडी, 25 मिनिटं वाया’

नमस्कार सर,

रविवारी तुम्ही सहकुटुंब आमच्या सायकल आणि घोड्याच्या फेऱ्यांच्या टेकडीवर आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. घोडी बुजली, मुलगा घाबरला, त्याचं जास्त वाईट वाटलं. तुमचा रिव्ह्यू सोमवारी रात्री मी वाचला, मग बायकोनं वाचला, मग परत मी. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण त्यात एक वाक्य आहे: ‘घोडी अडाणी आहे, शिकवलेली नाही, तिच्यामुळे आमची 25 मिनिटं वाया गेली.’ बाकीचं सगळं मी गिळलं असतं. हे गिळवत नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो.

‘वाटेवर लीद होती.’ होती. घोडं आहे, सर. प्रत्येक फेरीनंतर आम्ही ती उचलतो आणि संत्र्याच्या झाडांना घालतो. तुम्ही फेरी संपायच्या आधी पोहोचलात. माणशी 700 रुपये महाग वाटले, नागपूर शहरात सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर फुकट चालता येतं, असंही लिहिलंत. येतं, मीही तिथेच चालत मोठा झालो. तिथं हेल्मेट, सायकल आणि पंक्चर काढायला माणूस मिळत नाही, एवढंच.

वरची फेरी बंद होती, हे मात्र बुकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं. ती चूक आमची. गुरुवारी अवकाळी पाऊस आला, बोराएवढ्या गारा पडल्या, संत्र्याच्या आंबिया बहाराची बारीक फळं झाडाखाली पसरली. त्या धावपळीत मेसेज करायचं राहून गेलं. वरच्या फेरीत शंभरेक मीटर काळी माती आहे. ओली असली की ती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेही चाललं असतं, पण चाकानं पडलेली चाकोरी आणि खुरानं पडलेला खड्डा दोन दिवसांच्या उन्हात विटेसारखा कडक होतो, आणि मग पायी चालणाऱ्याचा घोटा मुरगळतो. पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि वाटेची नाली होते. म्हणून आम्ही ओल्यात कुणालाच सोडत नाही, घोड्यालाही नाही. खालची वाट मुरमाची आहे, ती दुसऱ्या दिवशीच कोरडी होते. ‘मालकानं पैसे घेऊन अर्धंच दाखवलं’ असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. अर्धे पैसे परत करतो.

आता घोडीचं.

तिचं नाव शेवंती. माझे वडील नागपुरात टांगा चालवायचे, स्टेशन ते इतवारी. घरात घोडं नव्हतं असा दिवस मला आठवत नाही. टांगे गेले तशी आम्ही घोडी वरातीला द्यायला लागलो, आणि शेवंतीनं सहा वर्षं लग्नसराई काढली आहे. कानाजवळ बँड, डोक्यावर जनरेटरचे दिवे, पायाशी फटाक्यांची माळ, पाठीवर सव्वामणाचा नवरदेव आणि पुढ्यात नाचणारे त्याचे मित्र. एकदा एका पाहुण्यानं नाचता नाचता तिच्या मानेला मिठी मारली, तरी तिनं पाय उचलला नाही. अशा घोडीला तुम्ही अडाणी म्हणालात. घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दार काकांना मी तो रिव्ह्यू वाचून दाखवला नाही. त्यांनी तिला शिंगरू असताना हातानं दूध पाजलंय.

मग ती रविवारी बुजली कशी? बुजली, हे मी नाकारत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. बँड समोर वाजतो, दिसतो, ऐकू येतो. त्याची तिला सवय होते. मागून बिनआवाजी, वेगानं, खाली वाकून येणारी वस्तू म्हणजे तिच्या रक्ताला एकच ठाऊक: वाघ-बिबट्या. म्हणून टांग्याच्या घोड्याला झापडं लावायचे. डोंगरवाटेवर झापडं लावता येत नाहीत, तिला पाऊल कुठं टाकायचं ते पाहावं लागतं.

मोहाच्या झाडाजवळच्या वळणावर झालं ते असं. शेवंती उतारानं चालत होती, पाठीवर एक लहान मुलगी, लगाम काकांच्या हातात. तुमचा मुलगा मागून उतारावर सुटून आला. काका ओरडले, ‘दादा, थांबा जी! उतरा खाली, बोला तिच्याशी!’ त्यानं एकदम मागचा ब्रेक दाबला, चाक मुरमावर खर्रकन घसरलं, आणि त्या आवाजानं शेवंती गर्रकन आडवी फिरून दोन पावलं चढावर गेली. तिथं थांबली. मुलीचे पाय रिकिबीतून सुटलेसुद्धा नाहीत. शिकवलेली नसती तर उधळली असती, सर. तुम्हाला तिचं बुजणं दिसलं, मला तिचं थांबणं दिसलं.

‘गाइड मुलावर खेकसला’ असं तुम्ही लिहिलंय. काकांचा आवाज मोठा आहे, त्याची माफी. पण त्यांनी सांगितलं ते बरोबर होतं. सायकलवरून उतरायचं, वाटेच्या खालच्या बाजूला उभं राहायचं आणि काहीतरी बोलत राहायचं. बोलायचं कशासाठी? हेल्मेट घालून वाकलेला आकार माणूस आहे हे तिला आवाजावरून कळतं. खालची बाजू कशासाठी? बुजलेलं घोडं सहसा चढाकडे पळतं, आणि वर उभा असलेला कुणीही तिला अंगावर येणारा वाटतो. तुम्ही मात्र वरच्या खडकावर चढून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. सर, तो व्हिडिओ रिव्ह्यूसोबत आहेच. त्यात काका ‘साहेब, खाली या’ असं तीनदा म्हणताना ऐकू येतं.

आणि 25 मिनिटं. काकांनी मला फोन केला 8:22 ला. वाट मोकळी झाली 8:31 ला. म्हणजे नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत मुलीला उतरवलं, घोडीला बाजूच्या मोकळ्यात नेलं, तिचा श्वास बसू दिला. उरलेली 16 मिनिटं आपण दोघं मोहाखाली उभं राहून बोलत होतो, आणि बोलत जास्त तुम्ही होता. त्यांचाही हिशेब शेवंतीच्या नावावर टाकू नका.

‘घोड्यांना व्हीआयपी ट्रीटमेंट’ हाही तुमचाच शब्द. गेटवर पिवळा त्रिकोणी बोर्ड आहे: सायकलनं घोड्याला आणि पायी माणसाला वाट द्यायची, पायी माणसानं घोड्याला. हा नियम मी ओसरीवर बसून काढलेला नाही. सायकलनं डोंगर उतरायचं वेड 1970 च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत वाढलं. जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन पोरं डोंगरावरून सुटायची, आणि त्या वाटांवर घोडेवाले आणि पायी फिरणारे आधीपासून होते. व्हायचं तेच झालं. भांडणं झाली, अरुंद वाटा सायकलला बंद झाल्या. शेवटी 1988 मध्ये सायकलवाल्यांनीच आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि वागायचे नियम ठरवले. वाट द्यायचा नियम त्यांच्यातही आहे, म्हणजे तो सायकलवाल्यांनी स्वतःवर घातलेला आहे. घोड्याला मान का? तिघांत बोर्ड वाचता न येणारा तो एकटा.

तरी आम्ही नुसत्या बोर्डावर भागवत नाही. वाट काही ठिकाणी चारच फूट रुंद आहे, म्हणून वेळाच वेगळ्या ठेवल्यात: सायकल 6:30 ते 8, घोडे 8 ते 9:30, पायी चालणाऱ्यांना पूर्ण वेळ. साडेनऊनंतर मार्चच्या उन्हात आम्ही घोड्यावर खोगीरच ठेवत नाही. हे बुकिंगच्या मेसेजमध्ये मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं आहे. तुम्ही गेटवर 7:40 ला आलात. रजिस्टरमध्ये वेळेपुढे सही तुमचीच आहे. तुमच्या फोटोंमध्ये पहिला फोटो तर्री पोह्याचा आहे. राग नाही, रविवारी सकाळी नागपुरातून निघालेली गाडी पोह्याच्या ठेल्यावर थांबणारच, माझीही थांबते. पण हेल्मेट, सीटची उंची हे सगळं होईपर्यंत 7:55 झाले. नियमानं मी तुम्हाला ‘आता नाही, पायी फिरा’ म्हणायला हवं होतं. मुलाचं तोंड पाहून म्हणवलं नाही. ती माझी चूक, आणि तिचा मला एक स्टार मिळाला.

तुम्हाला हे फार लांबण वाटेल. पण आधी आमचे 20 रिव्ह्यू होते, सरासरी 4.7. तुमच्यानंतर 4.5. आकड्यात फार नाही, पण तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो. मंगळवारी एका शाळेनं सहल पुढे ढकलली, कारण विचारलं तर म्हणाले, ‘घोड्याचं वाचलं.’ उन्हाळा लागायच्या आधीचे तीन-चार रविवार हेच आमचे कमाईचे. चारा आणि नालबंदी वर्षभर असते.

बदल करतोय. आठनंतर वाटेवर सायकल नाही, कुणीही असो. वळणाच्या आधी ‘उतरा’ असा मोठा बोर्ड लावू, काकांनाही जरा सबुरीनं बोलायला सांगितलंय, आणि सगळ्या सायकलींच्या घंट्या तपासून घेतल्या, कारण मुलाच्या सायकलची घंटी सैल होऊन खाली फिरली होती, ती त्याला वाजवता आली नसती. बाकी पाण्याची सोय वगैरेही पाहतोय.

अजून एक. तुम्ही गाडी वळवत होता तेव्हा मुलगा परत तबेल्याकडे आला होता. काकांनी त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला, बोटं सरळ ठेवायला शिकवलं, आणि शेवंतीनं तो खाल्ला. तुम्हाला त्यानं सांगितलं की नाही, माहीत नाही. त्याचा डाव्या हाताचा निळा हातमोजा खोगिरांच्या खोलीत राहिलाय, खुंटीला लावून ठेवलाय. पैसे परत करायला आणि हातमोजा पोहोचवायला तुमचा पत्ता लागेल. फोन दुपारी 1 नंतर करा. सकाळी मी टेकडीवर असतो, तिथं निवांत बोलता येत नाही.