दहा आकडी नंबर नाही? मग बसा बोंबलत

भारत बघायला आलेल्या परदेशी माणसाकडे पासपोर्ट असतो, व्हिसा असतो, खर्च करायला पैसेही असतात. नसतो तो फक्त इथला मोबाईल नंबर. आणि आपल्या बऱ्याच सरकारी सोयी नेमक्या तिथेच घोडं अडवून बसतात. फॉर्मवर +९१ आधीच छापलेलं, पुढे दहा आकड्यांची जागा, खाली ‘ओटीपी पाठवा’. जो माणूस तासाभरापूर्वी विमानातून उतरलाय त्याच्याकडे हा नंबर येणार कुठून, हा प्रश्न ही पानं बनवणाऱ्या एकाही शहाण्याला पडलेला दिसत नाही.

ई-व्हिसाचं, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या व्हिसाचं काम त्यातल्या त्यात बरं, पण तिथेही डोक्याला ताप आहेच. खरी साइट एकच, इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन. शोधायला गेलं की तिच्यासारखा मुखवटा घातलेल्या खासगी साइट आधी दिसतात आणि त्याच अर्जाचे जास्तीचे पैसे उकळतात. पत्त्यात ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर खिडकी बंद करा. फोटो चौरसच हवा, जेपीईजी, १ एमबीच्या आत. पासपोर्टच्या पानाची पीडीएफ मात्र ३०० केबीच्या आत. फोनवर काढलेली प्रत सहज तीन-चार एमबी होते आणि पान ती गिळत नाही. तारीख आधी दिवस, मग महिना अशी भरायची. अमेरिकन माणूस सवयीने महिना आधी टाकतो, जन्मतारीख चुकते, आणि भरलेली फी परत मिळत नाही. गेल्या दहा वर्षांत कुठकुठले देश पाहिले, आईवडील कुठे जन्मले, अंगावर ओळखीची खूण काय, हे सगळं विचारून होईपर्यंत पान दमून बंद पडतं. म्हणून सुरुवातीला मिळणारा तात्पुरता अर्ज क्रमांक कागदावर लिहून ठेवायचा, तो असला की पुढून भरता येतं. आणि प्रवासाच्या किमान चार दिवस आधी अर्ज गेलाच पाहिजे.

आता सिमकार्ड. आपल्याला आधार दाखवून, बोट टेकवून पाच मिनिटांत सिम मिळतं. परदेशी माणसाला पासपोर्ट, व्हिसा, फोटो, इथला पत्ता हे सगळं लागतं, वर दुकानदार इथल्या ओळखीच्या माणसाचा नंबर मागतो, कारण सिम देण्यासाठीचा ओटीपी त्या नंबरवर जाणार! नंबर मिळवायला नंबर हवा. ई-मेलवर ओटीपी घेण्याची सोय आता झालीय, पण गल्लीतल्या दुकानदाराला ती माहीत असेलच याची खात्री नाही; तो सरळ ‘फॉरेनरला नाही देत’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या दुकानात जा, नाहीतर विमानतळावरच्या काउंटरवर थोडे जास्त मोजा. सिम घेतल्या घेतल्या सुरू होत नाही, काही तास जातात, तेव्हा पहिल्या दिवसाचं हॉटेल, टॅक्सी आधीच ठरवलेलं असू द्या. आणि घरूनच प्रवासी ई-सिम घेऊन येणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: त्यातली बहुतेक फक्त इंटरनेट देतात, भारतीय नंबर देत नाहीत. नकाशा उघडेल, ओटीपी येणार नाही. रेल्वे स्टेशनवरचं ‘मोफत’ वायफायसुद्धा इथल्याच नंबरावर कोड पाठवतं. वा रे मोफत!

रेल्वेचं तर विचारूच नका. १ जुलै २०२५ पासून तत्काळचं ऑनलाइन तिकीट फक्त आधार जोडलेल्या खात्यावरून निघतं. पर्यटकाकडे आधार असत नाही, असायचा प्रश्नच नाही, म्हणजे ऑनलाइन तत्काळ त्याच्यापुरतं संपलं. दलालांना आवरायला नियम केला, मान्य. पण पासपोर्ट नंबरावर खातं पडताळायला कोणाचे हात बांधले होते? त्यातून चीड येते ती याची, की याच रेल्वेकडे परदेशी पर्यटकांसाठी वेगळा कोटा आहे, आणि तो ३६५ दिवस आधी उघडतो. आपल्याला ६० दिवस, त्यांना वर्षभर! म्हणजे सोय आहे, चांगली आहे, फक्त कुणी धड सांगत नाही. हा कोटा सगळ्या गाड्यांना नाही, ऑनलाइन मिळतो तो वरच्या वर्गांतच. परदेशी नंबरावर आयआरसीटीसीचं खातं काढायला नोंदणी शुल्क पडतं, आणि परदेशी कार्ड एका पेमेंट गेटवेवर नाकारलं तर दुसऱ्यावर चालून जातं. ऑनलाइन जमलंच नाही तर मूळ पासपोर्ट घेऊन मोठ्या स्टेशनच्या आरक्षण केंद्रात जायचं. नवी दिल्ली स्टेशनवर पहिल्या मजल्यावर खास पर्यटकांचं कार्यालय आहे. बाहेर ‘ते बंद पडलंय, माझ्याबरोबर चला’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका, जिना चढा.

अजिंठा-वेरूळचं थोडक्यात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. परदेशी माणसाला तिकीट ६०० रुपये, आपल्याला ४०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट, मग ती कुठल्याही देशाची असोत. खिडकीवर कोणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे सगळे ज्याला फॉर्म सी म्हणतात तो फॉर्म. परदेशी नागरिक ज्याच्याकडे उतरेल त्याने चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. कित्येक लहान लॉजकडे ही नोंदणीच नसते, म्हणून कोकणात किंवा आडगावात रात्री नऊला ‘फॉरेनर नाही ठेवत’ असं दारातूनच ऐकावं लागतं. खोली ठरवताना ‘फॉर्म सी भरता का?’ हे आधी फोनवर विचारा. हा नियम हॉटेलापुरता आहे असं अनेकांना वाटतं. घरालाही तो लागू आहे! अमेरिकन पासपोर्टवर, ई-व्हिसा काढून नातू पुण्याला आजीकडे आला, तर फॉर्म आजीने भरायचा. त्यासाठी आधी आजीने यजमान म्हणून नोंदणी करायची, ओळखपत्र द्यायचं, घराचे कागद चढवायचे आणि मंजुरीची वाट बघायची. मंजुरीला चार दिवस लागले तरी चोवीस तासांची मुदत तिथेच उभी. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? भरला नाही तर लगेच कुणी दार ठोठावत नाही म्हणून लोक सोडून देतात. पण आजारपणामुळे व्हिसा वाढवायची वेळ आली की पहिला कागद तोच मागतात. तेव्हा पाहुण्याने तिकीट काढलं त्याच दिवशी यजमानाने नोंदणीचा अर्ज टाका, तो उतरला की पासपोर्ट-व्हिसाचे नंबर, आल्याची तारीख, कुठून आला, पुढे कुठे जाणार हे त्याच दिवशी भरा, आणि सादर केलेल्या फॉर्मची प्रिंट त्याच्या पासपोर्टात घालून द्या.