‘तिथेच राहिला म्हणजे हरला’ असं म्हणणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय. ज्यांची मुलं कॉलेजात बेसबॉल खेळतात आणि पुढे कोच व्हायचं म्हणतात, त्यांना तो सल्ला म्हणून पाठवला जातो. त्याचा सारांश असा: कोच व्हायला आधी व्यावसायिक बेसबॉल खेळलेलं असावं लागतं. नसेल, तर एखाद्या छोट्या कॉलेजात दोन-तीन वर्षं काढायची, मग मोठं विद्यापीठ बोलावतंच. टोनी व्हिटेलो बघा, कॉलेजातून थेट सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाचे मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) झाले. छोट्या कॉलेजातली नोकरी निवांत असते, पण दहा वर्षांनीही जो तिथेच आहे, त्याला वर चढता आलं नाही असं समजावं.

माझा मुलगा अशाच एका छोट्या कॉलेजात चार वर्षं कॅचर होता आणि आता त्याला हेच काम करायचं आहे. हा सल्ला त्याच्या वयाच्या मुलांचं नुकसान करेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

व्हिटेलोंचं उदाहरण आधी. ते २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जायंट्सकडे गेले हे खरं. पण त्यांची आधीची वाट पाहा: मिझुरी, टेक्सस ख्रिश्चन, आर्कान्सा, मग टेनेसी. २०२४ साली टेनेसीला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. ही चारही मोठी विद्यापीठं, एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या सर्वांत वरच्या गटातली, डिव्हिजन वनमधली. छोट्या कॉलेजाची पायरी या प्रवासात कुठेच नाही. शिवाय व्हिटेलो व्यावसायिक बेसबॉल कधी खेळलेच नाहीत. म्हणजे ज्या माणसाचा दाखला दिलाय, त्याच्यामुळेच मजकुरातलं पहिलं वाक्य खोटं ठरतं. वेस जॉन्सनही व्यावसायिक खेळलेले नव्हते आणि २०१९च्या हंगामासाठी ते आर्कान्सा विद्यापीठातून थेट मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक संघाचे पिचिंग कोच (चेंडू टाकणाऱ्या पिचरांचे प्रशिक्षक) झाले. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवायला नको.

दोन-तीन वर्षांचा हिशेब मात्र नीट तपासायला हवा, कारण घराघरांतले निर्णय त्यावर होतात. छोट्या कॉलेजातून खरोखर वर गेलेले लोक आहेत. टिम कॉर्बिन ओहायो वेस्लियन या छोट्या कॉलेजात खेळले. साउथ कॅरोलायनातल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात ते सहा हंगाम मुख्य कोच होते. तिथून क्लेमसनला गेले ते सहायक म्हणून, आणि नऊ हंगाम सहायकच राहिले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना मुख्य कोच केलं तोवर १५ वर्षं उलटली होती. पुढे त्यांनी २०१४ आणि २०१९ची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. पॅट मर्फी १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटच्या छोट्या कॉलेजांच्या संघाचे कोच होते. मिलवॉकी ब्रूअर्स या व्यावसायिक संघाचे मॅनेजर ते २०२४च्या हंगामापासून झाले, वयाच्या पासष्टीत. दोन-तीन वर्षं कुठे आणि ही आयुष्यं कुठे!

आणि त्या वर्षांत घर कसं चालतं, हे मजकुरात एका शब्दानेही नाही. अगदी डिव्हिजन वनमध्येसुद्धा २०२३च्या जुलैपर्यंत प्रत्येक बेसबॉल संघात एक सहायक ‘स्वयंसेवक’ असे. त्याला पगार द्यायला नियमानेच बंदी होती. पूर्ण वेळ राबून उन्हाळी शिबिरांच्या कमाईवर तो वर्ष काढायचा. अशा कोचनी कोर्टात दावा लावला आणि तो नियम गेला. छोट्या कॉलेजांत अजूनही बरेच जण पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ आणि वर थोडं मानधन, एवढ्यावर उमेदवारी करतात. सकाळी माउंडची (पिचरच्या उंचवट्याची) माती सारखी करायची, पाऊस आला की ताडपत्री ओढायची, सामन्यानंतर गणवेश धुवायचे, व्हॅन चालवायची आणि रात्री हायस्कूलच्या मुलांना ‘आमच्या कॉलेजात खेळायला या’ म्हणून फोन करायचे. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात तो टिकतो. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, तो कितीही गुणी असला तरी दुसऱ्या वर्षी दुसरी नोकरी शोधतो. मुलाला ‘जा, दोन वर्षं काढ’ म्हणण्याआधी आईवडिलांनी विचारावं: पगार बारा महिन्यांचा आहे की नऊ? आरोग्य विमा आहे का? राहायची सोय कोण करतं?

आता निवांतपणा. एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे बहुतेक छोट्या कॉलेजांच्या गटात, चारशेहून अधिक संस्था आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. त्यामुळे कोचला मुलगा तर पटवायचा असतोच, पण फीचा आकडा ऐकून गप्प झालेल्या त्याच्या आईवडिलांनाही पटवायचं असतं. अनेक छोटी खासगी कॉलेजं खेळाडूंच्या प्रवेशांवर तग धरून आहेत, आणि वर्षाला किती मुलं आणायची याचा आकडा कोचच्या हातात दिलेला असतो.

एवढं करूनही कॉलेजच बंद पडू शकतं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज १८५६ साली सुरू झालेलं. पैशांअभावी ते ३१ मे २०२४ रोजी कायमचं बंद झालं. नेमक्या त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोतल्या ईस्टलेकला डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेचा, पहिला सामना खेळत होता. कॉलेज उरलं नव्हतं, संघ उरला होता. कोच यान वाइसबर्ग आणि त्यांची मुलं मैदानात उतरली. पहिला सामना गेला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या इनिंगमधल्या होमरनने (मैदानाबाहेर टोलवलेल्या चेंडूने) रँडॉल्फ-मेकनला ९–७ असं हरवलं. २ जूनला विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ११–१० अशी एका धावेने हार झाली आणि कॉलेजचं नाव छातीवर असलेला गणवेश शेवटचा उतरला. त्या वसंतात या कोचला सामन्यांची आखणी करता करता प्रत्येक मुलाला दुसरं कॉलेज मिळतंय का हेही पाहायचं होतं, आणि स्वतःची नोकरी तर जाणारच होती. या कामाला कोणी निवांत म्हटलं की माझा राग आवरत नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागतो: तिथेच राहिलेला माणूस हरलेला असतो.

ओहायोतल्या मॅरिएटा कॉलेजात डॉन शेली स्वतः शिकले आणि १९६४ ते २००३ असे ४० हंगाम तिथेच कोच राहिले. १,४४२ विजय, ३२९ पराभव, १३ बरोबरी. १९८१, १९८३ आणि १९८६ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्या हाताखाली खेळलेले केंट टेकुल्वी १९७९ साली व्यावसायिक बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम मालिकेत) पिट्सबर्गचे भरवशाचे पिचर होते. जिम ट्रेसी लॉस एंजेलिस डॉजर्सचे मॅनेजर झाले, आणि २००९ साली कोलोरॅडो रॉकीजकडे असताना नॅशनल लीगचे (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मुख्य लीगांपैकी एकीचे) सर्वोत्तम मॅनेजर ठरले. शेली यांच्यानंतर मॅरिएटाची धुरा त्यांच्याच शिष्याकडे, ब्रायन ब्रुअर यांच्याकडे गेली, आणि २००६, २०११, २०१२ अशी आणखी तीन विजेतेपदं आली. आयडाहोतल्या लुइस्टन गावात एड चेफ यांनी लुइस-क्लार्क स्टेट कॉलेजला एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेची १६ विजेतेपदं मिळवून दिली. १,७०५ सामने जिंकून २०१० साली ते तिथूनच निवृत्त झाले.

नावाजलेल्यांची ही यादी देताना मला थोडा संकोचही वाटतो, कारण विजयांचे आकडे नसलेले कोचही हरलेले नसतात. माझ्या मुलाच्या कोचने त्याला पहिल्या वर्षी फक्त चार सामन्यांत उतरवलं. पण गणितात तो मागे पडला तेव्हा दर मंगळवारी सरावाआधी त्याला ग्रंथालयात नेऊन शेजारी बसणारे तेच होते. अशा माणसाला ‘वर चढता आलं नाही’ म्हणायचं, म्हणजे शिक्षकाला शिक्षक राहिल्याबद्दल दोष द्यायचा.

गॉर्डी गिलेस्पी यांनी ५९ वर्षं कॉलेजांचे संघ घडवले: इलिनॉयमधलं लुइस, जोलिएटचं सेंट फ्रान्सिस, विस्कॉन्सिनमधलं रिपन, आणि मग ऐंशीच्या उंबरठ्यावर पुन्हा सेंट फ्रान्सिस. तिन्ही छोटी. १,८९३ विजय झाले, आणि २०११ साली थांबले तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.